व्हिसाच्या आधी खराटा

परदेशी विद्यापीठात एखादं सत्र शिकायला निघालेल्या मुलांच्या पालकांची सभा आमच्या कॉलेजात दर उन्हाळ्यात भरते. एम.एस्सी. करताना मी देवाणघेवाण योजनेतून जर्मनीत ट्युबिंगनला राहून आले, म्हणून मला तिथं बोलायला बसवतात. पालकांचे प्रश्न ठरलेले असतात. थंडी किती पडते? शाकाहारी मिळतं का? कुकर न्यायचा का? लोणच्याची बरणी विमानात चालते का? जवळपास महाराष्ट्र मंडळ आहे का? ट्युबिंगन ज्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात आहे त्याची आणि महाराष्ट्राची 2015 पासून अधिकृत भागीदारी आहे, मुंबई आणि स्टुटगार्ट ही तर 1968 पासूनची भगिनी शहरं, हे सांगितलं की पालकांना जरा बरं वाटतं. तिकडं आपलं कुणीतरी आहे असं वाटत असावं.

‘आमच्या मुलाला संडास-बाथरूम धुता येत नाही, त्याचं काय करायचं?’ असं मात्र आजवर एकाही पालकानं विचारलेलं नाही. आणि माझ्या अनुभवात तिथं पहिल्या आठवड्यात सगळ्यात आधी अडतं ते इथंच.

ट्युबिंगन हे नेकार नदीकाठचं जुनं गाव. वस्ती साधारण नव्वद हजार, त्यात जवळपास तिसरा हिस्सा विद्यार्थी. हिवाळी सत्राचे तास ऑक्टोबरच्या मध्यात सुरू होतात आणि फेब्रुवारीत संपतात. उतरल्यावर दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेत जाऊन पत्ता नोंदवायचा, बँकेचं आणि विम्याचं बघायचं, विषय निवडायचे. ही कागदपत्रं कटकटीची असली तरी अवघड नसतात. आपल्याकडं तहसील कचेरीत उभं राहिलेल्या माणसाला तर नाहीच नाही. अवघड गोष्ट खोलीवर असते. मी गावाच्या वर, टेकडीवरच्या वाल्डहॉयझर ओस्ट या विद्यार्थी वसाहतीत राहायचे. स्वयंपाकघर सामायिक, बाथरूम सामायिक, आणि फ्रिजवर चिकटवलेला एक तक्ता. कोणत्या आठवड्यात कुणी ओटा पुसायचा, कुणी संडास घासायचा, कुणी कचरा खाली न्यायचा, सगळं त्यावर नावानिशी. माझं नाव मी पोचायच्या आधीच लिहून झालं होतं.

त्या भागात ही गोष्ट हलक्यात घेत नाहीत. श्वाबेन प्रांतात ‘केरवोखे’ नावाचा रिवाज आहे. इमारतीतल्या भाडेकरूंनी पाळीपाळीनं आठवडाभर जिना आणि दारापुढचा रस्ता झाडायचा. ज्याची पाळी, त्याच्या दारावर पाटी अडकवतात आणि आठवडा संपला की ती शेजारच्या दारावर जाते. या रिवाजाचं मूळ स्टुटगार्टच्या 1492 च्या शहर कायद्यात सांगतात. तो ज्याच्या राजवटीत झाला, त्या एबरहार्ड नावाच्या काउंटनंच 1477 मध्ये ट्युबिंगनचं विद्यापीठ स्थापन केलं. आज अनेक इमारतींत हे काम पैसे देऊन करून घेतात आणि जर्मन तरुण या पाटीची टिंगलही करतात. पण तुमच्या पाळीत जिना झाडला गेला नाही, तर तीच टिंगल करणारी मुलं तुमच्याशी बोलेनाशी होतात.

आमच्याच विद्यापीठातला एक मुलगा तिथं होता. अभ्यासात माझ्यापेक्षा कितीतरी हुशार. महिनाभरात त्याचा चेहरा उतरला. रोज दुपारी घरी व्हिडिओ कॉल, आईनं केलेली भाजी पडद्यावर बघायची आणि ‘इथली माणसं फार थंड आहेत’ म्हणायचं. त्याच्या मजल्यावर मी एकदा गेले, तर फ्रिजवर तीन चिठ्ठ्या. पहिली गोड भाषेत, दुसरी कोरडी, तिसरीत नुसतं त्याचं नाव आणि तारीख. त्याच्या पाळीचा आठवडा येऊन गेला होता आणि स्वयंपाकघरात काही झालं नव्हतं. माणसं थंड नव्हती, चिडलेली होती. हे त्याला कळत नव्हतं, कारण घरातलं काम ‘न झालेलं’ त्यानं जन्मात कधी पाहिलंच नव्हतं. सकाळी उठावं तर ओटा स्वच्छ. आंघोळीला जावं तर बादली घासलेली. कुणी घासली, हा प्रश्न त्याच्यापुढं वीस वर्षांत कधी आला नव्हता.

तेव्हापासून माझं एक मत झालं आहे आणि ते मी सभेत सांगते तेव्हा काही आयांना आवडत नाही. घराची आठवण म्हणून आपण ज्यासाठी डोळे पुसतो, त्यातला मोठा भाग ही दुसऱ्यानं केलेल्या कामाची आठवण असते. मुलाला आई आठवते हे खरंच. पण धुतलेले, घडी घातलेले कपडे, गरम पोळी, भरलेली पाण्याची बाटली, चादर बदललेली गादी हेही आठवत असतं, आणि दोन्ही एकाच हुंदक्यात येतं. त्यातलं पहिलं दुःख सोसायचंच असतं. दुसऱ्यावर मात्र इलाज आहे आणि तो निघण्याआधी इथंच करता येतो.

तिथलं काम आपल्या कामासारखं नसतं, हेही सांगायला हवं. बाथरूमच्या फरशीला बहुधा मोरी नसते. आपण सवयीनं बादलीभर पाणी ओतलं की ते सरळ पॅसेजमध्ये निघतं. म्हणजे ओणवं होऊन फडक्यानं पुसायचं. नळावर आणि काचेवर चुन्याचा पांढरा थर धरतो, तो लिंबूसत्त्वानं काढायचा. कचरा चार प्रकारचा: कागद वेगळा, ओला वेगळा, वेष्टनं पिवळ्या पिशवीत, उरलेला काळ्या डब्यात. काचेच्या बाटल्या चौकातल्या टाकीत, त्याही रंगानुसार आणि रविवारी अजिबात नाही, आवाज होतो म्हणून. थंडीतसुद्धा दिवसातून दोनतीनदा खिडकी सताड उघडून हवा बदलायची, नाहीतर फोडणीची वाफ भिंतीत मुरते आणि बुरशी धरते. खुद्द ट्युबिंगन शहरानं 2022 पासून बाहेर खाताना मिळणाऱ्या एकदाच वापरायच्या कपावर, डब्यावर 50 सेंट कर बसवला. त्याविरुद्धचा खटला देशाच्या घटनात्मक न्यायालयापर्यंत गेला आणि शहर जिंकलं. अशा गावात आपला मुलगा आईस्क्रीमचा कप कुठं टाकायचा म्हणून उभा राहतो.

संडासाचा विषय याहून खोल जातो. आपल्याकडं या कामावर शतकानुशतकं जातीचं नाव लिहिलेलं आहे. मैला वाहून नेण्याच्या प्रथेविरुद्ध 1993 मध्ये कायदा झाला, तो पुरला नाही म्हणून 2013 मध्ये दुसरा करावा लागला. चांगल्या घरातली, चांगले मार्क मिळवणारी मुलं संडासाच्या ब्रशला हात लावताना दचकतात, तो आळस नसतो. ते आपण शिकवलेलं असतं, तोंडानं न बोलता. त्या चिठ्ठ्यांवाल्या मुलाच्या शेजारच्या खोलीतला इटालियन मुलगा गाणं म्हणत भांडं घासायचा, आणि हा म्हणायचा, ‘त्याला काही वाटत नाही कसं?’ मला वाटतं, एक्सचेंजला जाऊन मुलगा बाकी काही न शिकता एवढा एकच प्रश्न उलटा करून विचारायला शिकला, तरी ते सत्र फुकट गेलं नाही.

मुलींची गोष्ट निराळी. आम्हाला हे सगळं येत होतं. म्हणून आम्हाला जुळवून घ्यायला सोपं गेलं असं सगळे म्हणतात. पण दर रविवारी भारतीय मुलांचं एकत्र जेवण ठरायचं. मुलींनी वरण-भात, बटाट्याची भाजी करायची आणि मुलांनी ‘कोल्ड्रिंक आणतो’ म्हणायचं. रविवारी दुकानं बंद असतात हे त्यांच्या नेमकं रविवारीच लक्षात यायचं. टेकडीवरच्या त्या स्वयंपाकघरात सातारा-सांगलीचं घर जसंच्या तसं उभं राहायचं, ओट्याशी कोण आणि खुर्चीत कोण यासकट. घरापासून एवढ्या लांब जाऊन मुलीनं काय शिकावं, तर दुसऱ्याच्या वाट्याचं काम आपण होऊन उचलू नये. हे पोळी लाटायला शिकण्यापेक्षा अवघड आहे.

‘पोरं शिकायला जातात, संडास धुवायला नाही,’ असं एक काका सभेत उठून म्हणाले होते. त्यांना मी ट्युबिंगनचाच दाखला दिला. गावाच्या डोक्यावर किल्ला आहे. त्याच्या जुन्या मुदपाकखान्यात विद्यापीठाची प्रयोगशाळा होती. 1869 मध्ये फ्रीडरिश मीशर हा स्विस तरुण तिथं रुग्णालयातून आणलेल्या, पुवानं भरलेल्या पट्ट्या धूत बसायचा. त्या पुवातल्या पेशींतून त्यानं जो पदार्थ वेगळा काढला, त्यालाच पुढं आपण डीएनए म्हणायला लागलो. घाणीत हात घालायची तयारी नसती, तर जीवरसायनशास्त्राच्या पुस्तकातलं ते पान कोरं राहिलं असतं. दुसरा दाखला त्याच गावातला, अधिक जवळचा. फळमाशीवरच्या संशोधनासाठी 1995 चं नोबेल मिळालेल्या क्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ड या ट्युबिंगनच्या. 2004 मध्ये त्यांनी एक प्रतिष्ठान काढलं. ते लहान मुलं असलेल्या तरुण संशोधक स्त्रियांना पैसे देतं, आणि ते पैसे उपकरणांसाठी नसून घरकामाला आणि मुलं सांभाळायला माणूस ठेवता यावा म्हणून असतात. घरकामाला किती वेळ लागतो आणि तो कुणाच्या अभ्यासातून कापला जातो, हे या बाईंना नेमकं ठाऊक होतं. काका खाली बसले. पटलं असेल असं नाही.

खरं तर एवढ्या लांबचे दाखले द्यायची गरज आमच्या जिल्ह्यात तरी पडू नये. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कराडजवळच्या काल्यात रयत शिक्षण संस्था काढली, 1924 मध्ये साताऱ्याला वसतिगृह सुरू केलं आणि 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं. तिथं सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला जेवायची, आणि स्वयंपाक, झाडलोट, शेतीतलं काम मुलंच करायची. वसतिगृह चालावं म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, हे आम्ही दरवर्षी जयंतीच्या भाषणात सांगतो. मुलं स्वतः झाडत होती, हे सांगायचं राहून जातं. गाडगेबाबांचं नाव आम्ही 2000 साली ग्रामस्वच्छता अभियानाला दिलं, पण त्यांचा खराटा घरातल्या मुलाच्या हाती काही दिला नाही.

मुलं तिथं पडली की शिकतात, असंही लोक म्हणतात. शिकतात. पण सत्र जेमतेम चारपाच महिन्यांचं. त्यातले पहिले दोन महिने कपडे, भांडी आणि चिठ्ठ्यांत गेले की उरतं किती? त्या चिठ्ठ्यांवाल्या मुलानंही शेवटी सगळं शिकून घेतलं. मजल्यावरच्या कुणाशी त्याची घट्ट मैत्री झाली असं नाही, पण चिठ्ठ्या थांबल्या आणि त्याच्या ‘हॅलो’ला उत्तर यायला लागलं. तोवर जानेवारी उजाडला होता.

एकटेपण खोटं असतं असं मला म्हणायचं नाही. डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो, भारताशी साडेचार तासांचं अंतर असल्यामुळं आपली संध्याकाळ होते तेव्हा घरचे झोपलेले असतात, आणि वर्गात सगळे हसले की आपण एक क्षण उशिरा हसतो. ज्याला खरंच झोप लागत नाही, जेवण जात नाही, त्यानं तिथल्या विद्यार्थी सेवेच्या समुपदेशकाकडं निमूट जावं, त्यात लाज नाही. पण प्रत्येक उदासी ही त्या जातीची नसते. काही उदासी सिंकमधली भांडी घासली की ओसरते.

विद्यार्थी व्हिसासाठी आज वर्षाला 11,904 युरो खात्यात अडकवलेले दाखवावे लागतात. पालक ती रक्कम कर्ज काढून, जमीन गहाण ठेवून उभी करतात. जर्मन भाषेच्या शिकवणीला हजारो रुपये भरतात. त्या तयारीत एका गोष्टीची भर घाला. तिकीट काढल्यापासून विमानात बसेपर्यंत घरातलं बाथरूम मुलानं धुवायचं, आपले कपडे धुवायचे, आठवड्यातून दोन दिवस सगळ्यांचा स्वयंपाक करायचा आणि नंतर ओटाही पुसायचा. कामाला येणाऱ्या ताईंना त्या काळात पगारी सुट्टी द्या, आणि सुट्टीवर जाण्याआधी त्यांनाच मुलाला चार दिवस शिकवायला सांगा. शिकवण्याचे पैसे वेगळे. आमच्या कॉलेजला माझं सांगणं एवढंच आहे, की निवडीच्या मुलाखतीत ‘तुम्ही देशाचं प्रतिनिधित्व कसं कराल?’ हा प्रश्न बंद करावा. त्याऐवजी ‘काल रात्री तुमच्या घरातली भांडी कुणी घासली?’ असं विचारावं, आणि उत्तराला गुण ठेवावेत.