खरा इन्स्पेक्टर आल्यानंतर

गोगोलच्या 'इन्स्पेक्टर जनरल' या नाटकाचा शेवट आपणा सर्वांना ठाऊक आहे. ज्याला सगळे गाव वरिष्ठ अधिकारी समजत होते तो तोतया निघतो, आणि त्याच क्षणी खरा इन्स्पेक्टर येऊन दाखल झाल्याची वर्दी मिळते. पात्रे जागच्या जागी थिजतात आणि पडदा पडतो. १८३६ मध्ये रंगभूमीवर आलेले हे नाटक पु. ल. देशपांडे यांनी 'अंमलदार' या नावाने मराठीत आणले आणि आपण ते आपलेच मानले. अलीकडे ते वर्गात शिकवताना मला एक गोष्ट सारखी खटकते. खरा इन्स्पेक्टर आला की नाटक संपते. तो कोणते कागद मागतो, कोणाला सोडतो, कोणाला धरतो, हे पाहायला लेखक थांबत नाही आणि प्रेक्षकही थांबत नाही. माझ्या वाचनापुरते बोलायचे तर मराठी साहित्यही बहुतांशी येथेच उठून निघून जाते.

हा विचार मनात येण्याचे कारण मात्र साहित्यबाह्य आहे. काही वर्षांपूर्वी बहिःस्थ एम.ए.साठी आमच्याकडे एक विद्यार्थिनी होत्या. शिक्षण अभियांत्रिकी पदविकेचे, नोकरी सहायक मोटार वाहन निरीक्षकाची. रविवारच्या व्याख्यानाला त्या येत तेव्हा पुष्कळदा आदल्या रात्री वायुवेग पथकाबरोबर रस्त्यावर उभ्या राहिलेल्या असत. त्यांच्यामुळे मला या कामाची थोडी ओळख झाली.

काम वरवर पाहता रुक्ष आहे. टॅक्सी आणि रिक्षा ही कायद्याच्या परिभाषेत 'कंत्राटी वाहने'. त्यांचा परवाना, योग्यता प्रमाणपत्र, विमा, चालकाची अनुज्ञप्ती, बिल्ला, गणवेश हे सारे तपासायचे. मुंबईत टॅक्सीचा परवानाधारक स्वतः गाडी चालवत असेल तर पांढरा गणवेश आणि दुसऱ्याची गाडी चालवणाऱ्याला खाकी, हा भेद प्रवाशाच्या नजरेतून सुटतो, निरीक्षकाच्या सुटत नाही. दरवाढ झाली की मीटरचे काम वाढते. १ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबई महानगर प्रदेशात टॅक्सीचे किमान भाडे २८ रुपयांवरून ३१ आणि रिक्षाचे २३ वरून २६ झाले. म्हणजे प्रत्येक मीटर नव्या दराला जुळवून घेणे, त्याची चाचणी घेणे, त्यावर मोहोर उमटवणे आले. प्रवाशाने मीटरवर दाखवायचा विश्वास अशा रीतीने आधी कोणीतरी मोजून ठेवलेला असतो.

टॅक्सीचालक मराठी साहित्याला परका नाही. नामदेव ढसाळ यांनी तरुणपणी मुंबईत टॅक्सी चालवली होती, आणि 'गोलपिठा'ने १९७२ मध्ये मराठी कवितेचा नकाशाच बदलला. टॅक्सीतला मागच्या आसनावरचा मध्यमवर्गीय प्रवासी तर आपल्या कथा-कादंबऱ्यांतून कायमच बसलेला आहे. खिडकीशी वाकून कागद मागणारा तिसरा माणूस तेवढा आढळत नाही. आढळलाच तर तो लाच घेतो किंवा हास्यास्पद ठरतो. लाच नसतेच असे म्हणण्याचा भाबडेपणा मी करणार नाही. परिवहन कार्यालयाच्या दारातल्या दलालांना ज्याने पाहिले आहे त्याला तो करताही येणार नाही. परंतु लाचेची गोष्ट ही या माणसाची सर्वांत सोपी गोष्ट आहे. तिच्यात त्याला निर्णय घ्यावाच लागत नाही, कारण निर्णय पैसा घेतो. अवघड गोष्ट सुरू होते ती तो पैसा घेत नाही तेव्हा.

भाडे नाकारण्याचेच उदाहरण घ्या. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १७८ ने भाडे नाकारणाऱ्या चालकाला दंड सांगितला. मूळ कायद्यात तो रिक्षासाठी ५० आणि टॅक्सीसाठी २०० रुपयांपर्यंत होता. आजारी आईला घेऊन रात्री उभ्या असलेल्या प्रवाशाच्या दृष्टीने हा दंड हास्यास्पद आहे. पाळी संपत आल्यामुळे मालकाला गाडी परत करायला निघालेल्या आणि उलट दिशेचे भाडे नाकारणाऱ्या चालकाच्या दृष्टीने तो अन्याय आहे. कायद्याला दोघांच्या रात्री दिसत नाहीत. त्याला फक्त 'नकार' दिसतो. निरीक्षकाला मात्र दोघेही समोर उभे असताना एका कागदावर एकच वाक्य लिहायचे असते. आपण वर्गात ज्याला अर्थनिर्णयन म्हणतो ते याहून वेगळे काय आहे? फरक इतकाच की आपले अर्थनिर्णयन चुकले तर कोणाची गाडी अडकून पडत नाही.

आता ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्य शासनाने परिपत्रक काढून रिक्षाचा परवाना मिळण्यासाठी मराठीचे ज्ञान आवश्यक केले. ते तपासण्याचे काम परिवहन अधिकाऱ्यांकडे आले. ब्रेक आणि दिवे तपासणारी माणसे काही काळ मराठीचे परीक्षक झाली. त्या दिवसांत या बाईंचा मला फोन आला. "सर, वाचायला देता येईल असा एखादा उतारा सुचवाल?" मी आनंदलो होतो, हे येथे प्रामाणिकपणे नोंदवतो. मराठीला कोठेतरी दात फुटत आहेत असे वाटले. चौथीच्या पाठ्यपुस्तकाच्या पातळीचा एक सोपा उतारा मी लगोलग काढून दिला आणि सायंकाळी सहकाऱ्यांना ही हकीकत मोठ्या रुबाबात सांगितलीही.

पुढच्या रविवारी त्या व्याख्यानानंतर थांबल्या. त्यांच्यासमोर दोन अर्जदार आले होते. पहिल्याने उतारा अडखळता, पण शेवटपर्यंत वाचला. अर्थ विचारला तर एका वाक्याचाही सांगता येईना. तो हिंदी शाळेत शिकलेला होता. लिपी एकच असल्यामुळे अक्षरे लागत होती, भाषा लागत नव्हती. दुसरा वीस वर्षे दुसऱ्याची रिक्षा भाड्याने चालवत होता. मराठी बोलायला फाकडा. बाईंशी दवाखान्याच्या वाटा, बंद पडलेले नाके, पावसात पाणी तुंबणाऱ्या गल्ल्या यांविषयी तो अस्सल बोलीत बोलत राहिला. उतारा पुढे केल्यावर मात्र गप्प झाला. त्याला कोणतीच भाषा वाचता येत नव्हती.

"मी काय लिहायला हवे होते, सर?" त्यांनी विचारले.

मी विचारले, "तुम्ही काय लिहिलेत?"

"जे विचारले होते ते. पहिल्याला वाचता येते. दुसऱ्याला येत नाही."

मी काही बोलू शकलो नाही. उतारा माझा होता. मराठीच्या प्राध्यापकाने निवडलेल्या मराठी उताऱ्याने मराठी बोलणारा माणूस गाळला होता. पुढे २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने परिपत्रकाद्वारे घातलेली ही अट रद्द ठरवली. त्या दुसऱ्या अर्जदाराचे काय झाले ते मी विचारले नाही. विचारायचे धैर्य झाले नाही, असे म्हणणे अधिक खरे.

मराठी राज्यात प्रवाशाशी मराठीत बोलता यावे, ही अपेक्षा मला आजही रास्त वाटते. त्याबद्दल माझे मत बदललेले नाही. बदलले ते इतकेच: भाषा येणे म्हणजे काय, हे ठरवण्याची जबाबदारी आपण भाषेचे अध्यापक कधी घेत नाही. आपण परिपत्रकाचे स्वागत करतो आणि अंमलबजावणी नाक्यावरच्या माणसावर सोपवतो. ती फसली की 'सरकारी काम' म्हणून हसतोही. त्या बाईंनी जो प्रश्न मला विचारला तो खरे तर भाषाविज्ञानाच्या अभ्यासपत्रिकेतला होता, आणि माझ्यापाशी उत्तर नव्हते.

आज या कामाचे स्वरूप पुन्हा पालटते आहे. मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २०२३ मध्ये निवृत्त झाली. मोबाइलवरून गाडी मिळवून देणाऱ्या कंपन्यांना २०१९ च्या दुरुस्तीने कायद्याच्या कलम ९३ मध्ये आणले. केंद्राच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी त्यांना मूळ भाड्याच्या दीडपटीपर्यंत आकारणीची मुभा दिली होती. २०२५ च्या सूचनांनी ती दुपटीपर्यंत नेली. मीटरची तबकडी निरीक्षकाला उघडून पाहता येत असे. वेगाने पळणारा मीटर पकडता येत असे, कारण रस्त्याची लांबी खोटे बोलत नाही. आता भाडे ठरते ते दूर कोठेतरी असलेल्या संगणकाच्या हिशेबात, आणि खिडकीशी वाकून तो हिशेब वाचता येत नाही. नियम आहे आणि निरीक्षकही आहे, पण वाचायची संहिताच त्याच्यासमोर येत नाही. चालक म्हणतो, भाडे मी ठरवले नाही. प्रवासी म्हणतो, मी जास्त दिले. ज्याने ठरवले तो नाक्यावर उभाच नसतो. संहिता, वाचक आणि अधिकार यांच्या नात्याविषयी आपण चर्चासत्रांतून इतके बोलतो. त्याचे याहून रोकडे उदाहरण मला दुसरे सुचत नाही.

म्हणून आपल्या लिहित्या विद्यार्थ्यांना माझे सांगणे आहे की गोगोल जेथे थांबला तेथून पुढे लिहून पाहा. पडदा पडल्यावर तो खरा इन्स्पेक्टर गावात शिरला असेल, त्याने पहिले दार ठोठावले असेल, आणि आतून कोणीतरी कागद घेऊन बाहेर आले असेल. त्या कागदावर काय लिहावे हे त्यालाही नेमके ठाऊक नसेल.

आणि अध्यापकांना, म्हणजे मला स्वतःलाही, एवढेच: पुढच्या वेळी कोणी उतारा मागितला तर तो देण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा. तो कोणाला वाचायला देणार आहात?