तराजूला शिक्का, मग श्वासयंत्राला का नाही?

मंडईतील भाजीविक्रेत्याच्या तराजूवर वैध मापन शास्त्र विभागाचा शिक्का नसेल, तर त्याच्यावर कारवाई होते. किलोमागे मारलेले थोडेसे माप कायद्याला खपत नाही आणि ते योग्यच आहे. परंतु रात्रीच्या नाकाबंदीत एका फुंकरीवर माणसाला गुन्हेगार ठरवणारे श्वासयंत्र शेवटचे कधी तपासले गेले, हे विचारण्याचे धाडस सहसा कोणी करत नाही. विचारलेच, तर तो मद्यपींचा कैवारी ठरतो!

मद्यपी चालकांची कड घेण्याचा येथे प्रश्नच उद्भवत नाही. मुंबईत २००७ पासून या चालकांविरुद्ध पोलिसांनी उघडलेल्या मोहिमेचे सर्वसामान्य नागरिकांनी स्वागतच केले. एकीकडे महसुलासाठी मद्यविक्रीचे परवाने वाटायचे आणि दुसरीकडे चौकात अडथळे उभारायचे, हा शासनाचा दुटप्पीपणा तूर्त बाजूला ठेवू. प्रश्न आहे तो पुराव्याच्या शुद्धतेचा.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल आढळल्यास तो गुन्हा ठरतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्यासाठी दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मर्यादा रक्तातील आहे. रस्त्यावरचे यंत्र मात्र रक्त मोजतच नाही. ते श्वास मोजते आणि रक्ताचा अंदाज बांधते. रक्तात जेवढे अल्कोहोल, त्याचा एकवीसशेवा भाग तेवढ्याच आकारमानाच्या श्वासात असतो, असे हे यंत्र सर्वसाधारणपणे गृहीत धरते. निसर्ग मात्र सर्वांना एका मापाने घडवत नाही. हे प्रमाण माणसागणिक बदलते. एकाच माणसात ते मद्य घेतल्यानंतरच्या वेळेनुसारही बदलते. ज्याच्या शरीरात ते पंधराशेस एक आहे, त्याच्या रक्तात प्रत्यक्षात २२ मिलिग्रॅम असले, तरी यंत्र ३१ दाखवील. उलट ज्याचे प्रमाण अठ्ठावीसशेस एक आहे, तो ३९ मिलिग्रॅम घेऊनही सुटेल. शरीराचे तापमान एक अंशाने वाढले, तरी आकडा सहा-सात टक्क्यांनी फुगतो. ब्रिटनने म्हणूनच रक्ताची मर्यादा वेगळी आणि श्वासाची वेगळी, अशा दोन मर्यादा कायद्यात लिहिल्या. आपण ती तसदी घेतली नाही.

याहून मोठा घोटाळा तोंडात उरलेल्या अल्कोहोलचा. यंत्राला हवी असते फुफ्फुसाच्या तळातील हवा. पण गुळण्यांचे औषध, खोकल्याचे पातळ औषध किंवा होमिओपथीचा अर्क नुकताच घेतला असेल, तर त्याचा अंश तोंडातून थेट नळीत जातो. आयुर्वेदातील आसव-अरिष्टे तर संधानप्रक्रियेनेच सिद्ध होतात. त्यांत स्वाभाविकपणे अल्कोहोल असते. रात्रीच्या जेवणानंतर द्राक्षासव घेऊन लगेच गाडी काढणाऱ्या, आयुष्यात मद्याला स्पर्शही न केलेल्या गृहस्थाला ही चाचणी मद्यपी ठरवू शकते. जुलै २०२५ मध्ये केरळातील पंदळम येथील राज्य परिवहनाच्या आगारात पिकलेला फणस खाल्लेले चालक यंत्राच्या लेखी मद्यपी ठरले. मग ज्याची चाचणी आधी स्वच्छ आली होती, अशा सहकाऱ्यालाही फणस खाऊ घालून फुंकायला लावले, तेव्हा यंत्राने त्यालाही सोडले नाही. यावरचा उपाय अगदी साधा आहे. पंधरा-वीस मिनिटे काहीही खाऊ-पिऊ न देता थांबावे आणि पुन्हा मोजावे. नाकाबंदीत वाहनांची रांग लागलेली असताना ही पंधरा मिनिटे कोण देतो?

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याने या हलगर्जीपणाची किंमत मोजली. यंत्रे प्रमाणित करताना एका प्रमाणभूत तापमापकाने पडताळणी करण्याची पायरी एका पोलीस अधिकाऱ्याने गाळली, एवढ्या कारणावरून २०१८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने वीस हजारांहून अधिक चाचण्या पुरावा म्हणून अग्राह्य ठरवल्या. त्यांत खरोखरीचे मद्यपी किती असतील! सदोष यंत्र निरपराधाला जसे अडकवते, तसेच अपराध्याच्या वकिलाला आयते शस्त्र पुरवते.

मापांची शुद्धता हा विचार पाश्चात्त्यांकडून उसना घ्यावा असा नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पौतवाध्यक्ष नावाचा स्वतंत्र अधिकारी आहे. वजने-मापे दर चार महिन्यांनी तपासून मुद्रांकित करावीत आणि मुद्रांकन न केलेली वापरणाऱ्यास सव्वा सत्तावीस पण दंड करावा, असे तेथे सांगितले आहे. मद्यव्यवहारावर देखरेख ठेवणारा सुराध्यक्ष त्याच ग्रंथात आहे. आज मात्र या दोघांची गाठच पडत नाही.

आपल्या न्यायालयांनी वेळोवेळी सावध केले आहे. महाराष्ट्रातील एका प्रकरणात १९७१ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की, तोंडाला येणारा वास, अडखळणारी चाल आणि विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून मद्यप्राशन सिद्ध होत नाही. बिहारच्या दारूबंदी खटल्यांत पाटणा उच्च न्यायालयाने केवळ श्वासचाचणीला निर्णायक पुरावा मानण्यास नकार दिला. चाचणीपूर्वी यंत्राने कोऱ्या हवेत शून्य दाखवलेच पाहिजे, असे २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने बजावले.

रक्तचाचणीची तरतूद कायद्यात आहे. पण कलम २०४ नुसार नमुना मागण्याचा अधिकार पोलीस अधिकाऱ्याचा. यंत्राचा आकडा ज्याला मान्य नाही, त्या चालकाने स्वतःहून रक्त तपासण्याची मागणी केली तर ती पुरवलीच पाहिजे, असे हे कलम कोठेही म्हणत नाही.

रक्तचाचणीही आपोआप पवित्र ठरत नाही. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाचे रक्त घेण्यास कित्येक तास लागले आणि ससून रुग्णालयात नमुनाच बदलला गेल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. रक्तातील अल्कोहोल सरासरीने तासाला १५ मिलिग्रॅम उतरते. आठ तासांत १२० मिलिग्रॅम नाहीसे होतात. अशा वेळी घटनास्थळीच, तपासलेल्या यंत्रावर, लागोपाठ दोनदा घेतलेली आणि वेळेसह छापील नोंद असलेली श्वासचाचणी हाच बळींच्या कुटुंबीयांचा खरा आधार ठरला असता. धनिकाला नमुना बदलता येतो. साक्षीदारांसमोर छापलेला कागद बदलणे तितके सोपे नाही.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२४ मध्ये पुराव्यासाठी वापरल्या जाणाऱ्या श्वासयंत्रांची दरवर्षी पडताळणी व मुद्रांकन करण्याच्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. महाराष्ट्राच्या गृहविभागाने दिल्लीकडे बोट दाखवत बसण्याचे कारण नाही. प्रत्येक यंत्राच्या पडताळणीची तारीख पावतीवर छापावी आणि ज्या यंत्राची मुदत संपली, ते त्याच दिवशी चौकातून मागे घ्यावे, असा आदेश काढायला नव्या कायद्याची गरज नाही. ३१ डिसेंबरच्या रात्री राज्यभर हजारो चालकांना फुंकायला लावण्यापूर्वी तो निघाला पाहिजे.