लाकडी बैलाचा खांदा दुखत नाही

तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं लाकडी बैल सजवून आणतात त्या सणाला, यवतमाळातल्या एका शाळेनं यंदा मला पाहुणा म्हणून बोलावलं होतं. परीक्षकांच्या कागदावर तीन रकाने होते: सजावट, वेशभूषा, घोषवाक्य. पहिलं बक्षीस मिळालेला सागवानी बैल चौथीतल्या पोराच्या छातीएवढा होता आणि तो मैदानात ओढत आणायला वडील आणि काका लागले. बहुतेक मुलांच्या गळ्यात पाट्या होत्या, ‘मुक्या प्राण्यांवर दया करा’. मी काही जणांना म्हटलं, बैलाचा खांदा दाखवा बरं. कुणी शिंगांच्या खाली बोट ठेवलं, कुणी पार पाठीवर. एका मुलीनं तेवढी जू टेकतं ती जागा बरोबर दाखवली. तिच्या घरी जोडी आहे. तिला बक्षीस नव्हतं, कारण तिचा बैल लहान होता आणि त्याला बेगड लावलेली नव्हती.

हा स्तंभ वाचणाऱ्यांना बक्षिसांबद्दलचं माझं मत ठाऊक आहे, तरी पुन्हा सांगतो. ज्या गोष्टीला शाळेत क्रमांक लागतो, ती गोष्ट मुलांच्या हातातून पालकांच्या हातात जाते. चित्रकलेचं तसंच झालं, विज्ञान प्रदर्शनाचं तसंच झालं. आता दयेचं होतं आहे, आणि ते मला सगळ्यांत जास्त लागलं.

कारण आपल्याकडे हा धडा शिकवायची पद्धत आधीपासून आहे, आणि ती त्या स्पर्धेच्या दोनच दिवस आधी गावोगाव पार पडली होती. खांदशेकणी. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी जोडी गोठ्यात आली की गरम पाणी, हळद, तूप किंवा लोणी आणि पळसाची पानं घेऊन घरातली माणसं बसतात. खांदा शेकतात, पळसाच्या पानानं हळद-तूप चोळतात आणि मग बैलाला उद्याच्या जेवणाचं आवतन देतात. ही वेळ कुणी पंचांग बघून उगीच ठरवलेली नाही. मृगापासून वखरणी, पेरणी आणि पुढं कपाशी-सोयाबीनची डवरणी. इतके दिवस जू त्याच जागेवर घासत असतं, वरून पावसानं कातडं भिजलेलं असतं. खांदेसूज याच दिवसांत येते. दुर्लक्ष झालं तर जखम होते, माशी बसते, अळ्या पडतात. पोळा येईतो डवरणी उरकत आलेली असते आणि खांद्याकडे नीट बघायला पहिल्यांदा सवड मिळते.

घरातलं पोरगं त्या वेळी तुपाची वाटी धरून उभं असतं. दुखऱ्या जागी हात पडला की बैलाची कातडी थरथरते, तो मान झटकतो. वर्षभरासाठी कामावर ठेवलेला सालदार म्हणतो, ‘हळू रे बाप्पा, दुखते त्याले.’ दयेचं सगळं शिक्षण त्या एका वाक्यात आहे असं मी मानतो. कुठं दुखतं हे मुलाला कळलं, दुखलं तर जनावर काय करतं हे डोळ्यांनी दिसलं, आणि आपला हात किती हलका ठेवायचा हे हातालाच समजलं. शिकवणारा कोण, तर ज्याला गावात एरवी कुणी गुरुजी म्हणत नाही तो सालदार. पोळ्याला त्यालाही नवे कपडे आणि बोजारा, म्हणजे पोळ्याची बक्षिसी, मिळते. जनावराचा मान आणि जनावर सांभाळणाऱ्याचा मान एकाच दिवशी व्हावा, यातलं शहाणपण शाळांनी ओळखायला हवं होतं.

तान्हा पोळा नागपूरच्या दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी १८०६ साली मुलांसाठी सुरू केला असं मानतात. मुलांचा सण म्हणून तो मलाही आवडतो, आणि लहान पोराच्या हाती लाकडी बैल असण्यात वाईट काही नाही. पण ज्या मुलानं खांदशेकणी पाहिली आहे त्याच्यासाठी तो बैल घरच्या बैलाची आठवण असतो. ज्यानं पाहिलीच नाही, त्याच्यासाठी ते सजवायचं लाकूड असतं. शाळेनं खांदशेकणी गाळून फक्त तान्हा पोळा घेतला, ही माझी तक्रार आहे.

पोळा केला की गाव दयाळू झालं, असंही मी म्हणत नाही. दोन दिवसांनी बैल हाकायची तीच तुतारी हातात येते आणि तिच्या टोकाला तीच आर असते. ओढकाम आणि ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ पासून केंद्राचे नियम आहेत. अणकुचीदार काठीला त्यांत मनाई आहे. दिवसात नऊ तासांहून जास्त आणि सलग पाच तासांहून जास्त जनावराला गाडीला जुंपता येत नाही. जिथं पारा ३७ अंशांच्या वर जातो तिथं दुपारी १२ ते ३ या वेळात तर जुंपायचंच नाही. यवतमाळचा एप्रिल आणि मे आठवा. हा नियम आपल्यासाठीच लिहिल्यासारखा आहे, आणि शाळेत तो कुणी उच्चारत नाही. पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावर मूलभूत कर्तव्यं छापलेली असतात, १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं आलेली. प्राणिमात्रांबद्दल दयाबुद्धी त्यांतच आहे. मुलं ते पान उलटून पहिल्या धड्याकडे जातात. गणिताच्या बाईंनी फळ्यावर एवढंच लिहावं: गाडी सकाळी ६ ला जुंपली, ११ ला सोडली, आता दिवसभरात अजून किती तास जुंपता येईल? पाचवीतलं पोरगं घरी जाऊन बापाला ते उत्तर सांगेल. प्राण्यांच्या छळाचा १९६० चा कायदा पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड सांगत आला. त्या दंडापेक्षा घरातल्या पोराचा प्रश्न जास्त कामाचा आहे.

गाडगेबाबा आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले. लहानपणी मामाकडे गुरं राखत वाढलेले. त्यांच्या दशसूत्रीत भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी आहे आणि त्याच यादीत मुक्या प्राण्यांना अभय आहे. देवाच्या नावानं कोंबडं-बकरं कापण्याला त्यांनी जन्मभर विरोध केला, आणि तो गावात उभं राहून, लोकांना प्रश्न विचारत केला. आपल्या शाळांत बाबांच्या जयंतीला मुलं झाडू हातात घेतात. दशसूत्रीतलं हे कलम तेवढं बाजूला राहतं.

वाघाचं काय, असं या जिल्ह्यात कुणीतरी विचारणारच, आणि विचारायलाच हवं. २ नोव्हेंबर २०१८ ला राळेगाव तालुक्यातल्या बोराटीजवळ टी-१ वाघीण मारली गेली. मुंबई-पुण्यात तिला अवनी म्हणून लोक हळहळले. इकडे, जिथल्या १३ माणसांचे मृत्यू तिच्या नावावर होते, त्या गावांत फटाके वाजले. त्या गावातल्या मुलाला नुसतं ‘दया करा’ म्हणणं हा त्याच्या दुःखाचा अपमान आहे. त्याला वाघ कधी फिरतो, गुरं कुठं न्यायची नाहीत, एकटं कुठं वाकून बसायचं नाही हे आधी शिकवा. मग टिपेश्वर अभयारण्याचा तो तरुण वाघ नकाशावर दाखवा, जो २०१९ मध्ये जून ते डिसेंबर चालत चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. भीतीला माहितीची सोबत मिळाली की आदराला जागा होते.

बैल राहिलेतच कुठं, आता ट्रॅक्टर आहेत, असं उत्तर मला दर वेळी मिळतं. बैल कमी झाले, हे खरं. पण दारात शेळी आहे, गल्लीत कुत्रं आहे, बाजाराच्या दिवशी गाडीला जुंपलेली जोडी अजून दिसते. शेळीचं खूर आणि कुत्र्याच्या कानातली गोचीड बघायलाही खांदा बघण्याइतकीच नजर लागते.

मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे. पुढच्या वर्षी तान्ह्या पोळ्यातले क्रमांक बंद करा आणि ते पैसे वाचवा. खांदशेकणीच्या संध्याकाळी पाचवी ते सातवीच्या मुलांना जवळच्या एखाद्या गोठ्यात न्या. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना बोलवा, आणि सालदाराला खुर्ची देऊन बसवा. प्रत्येक मुलाचा हात एकदा तरी खऱ्या खांद्यावर पडू द्या. ज्या शाळा हे करतील त्यांनी मला कळवावं, त्या संध्याकाळी मी वाटी धरायला येईन.