कृतज्ञतेची वही आणि २८९ मिनिटे

वर्ष संपत आले की शहरातल्या शिकलेल्या बायकांना हल्ली एक नवे व्रत सांगितले जाते. डिसेंबरअखेरच्या थंडीत पहाटे उठायचे, मेणबत्ती लावायची, कोरी वही उघडायची. सरत्या वर्षात कशाकशाबद्दल कृतज्ञ आहोत ते लिहायचे, मनातला राग सोडून द्यायचा आणि येत्या वर्षात स्वतःत कोणती सुधारणा करणार ते ठरवायचे. असे प्रश्न छापलेल्या वह्या दुकानात मिळतात, पैसे घेऊन शिबिरेही भरतात. या व्रताशी माझे भांडण आहे.

बाईने एकटीने बसून लिहावे याला माझा विरोध कसा असेल? बेबी कांबळे यांनी आपले लिखाण वर्षानुवर्षे नवऱ्यापासून लपवून ठेवले होते. १९८६ साली 'जिणं आमुचं' पुस्तकरूपाने आले ते त्यातूनच. बाईच्या वहीत केवढी ताकद असते हे आपल्याला कोणी शिकवायला नको. म्हणूनच विचारते, एवढे हत्यार हाती देऊन बाईला लिहायला काय सांगता? तर 'धन्यवाद'!

युरोपात हे मध्यहिवाळ्याचे चिंतन नाताळ ते ६ जानेवारी या बारा रात्रींशी जोडलेले आहे. जर्मन भाषक मुलखात त्यांना 'राउनेख्टे' म्हणतात. तिथल्या जुन्या लोकसमजुतीप्रमाणे या रात्रींत सूत कातायचे नाही, धुणे वाळत घालायचे नाही. कारण भुताखेतांचे असेल, पण त्या भीतीपोटी का होईना, बाईचे काही काम थांबत होते. आपल्या बाजारात त्यातले चिंतन तेवढे आले. धुणे थांबवायचे कलम वाटेतच गळाले. म्हणजे पहाटे पाचला चिंतन आणि सहाला डबे!

आणि हिवाळा हा विसाव्याचा काळ तरी कोणाचा? बीडकडची ऊसतोड बाई या दिवसांत पहाटेच्या अंधारात फडात असते. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. उचल सहसा नवऱ्याच्या हाती पडते आणि मुकादमाच्या वहीत नाव नवऱ्याचे लागते. वर्षाची वही तिच्याही आयुष्यात आहे, पण ती दुसऱ्याच्या हातात आहे.

आता आकडे पाहू. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीप्रमाणे घरकाम करणारी बाई त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवते, पुरुष ८८. आणि ही ८८ मिनिटेही जे पुरुष घरकामाला हात लावतात त्यांचीच. मुलांची, म्हाताऱ्यांची देखभाल यात धरलेली नाही, ती वेगळी. २८९ मिनिटे म्हणजे वर्षाला सुमारे १,७५० तास. आठ तासांची पाळी धरली तर जवळजवळ २२० दिवस. यातला एक तरी दिवस त्या छापील वहीत कुठे लिहायचा? तसा रकानाच नाही.

या श्रमाला किंमत आहे हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये पुन्हा स्पष्ट सांगितले. त्या निकालात आधीच्या, २०१९ च्या पाहणीतल्या मिनिटांचा आधारही घेतला गेला. पण खटला होता अपघाती मृत्यूच्या भरपाईचा. बाई मेल्यावर तिच्या स्वयंपाकाचे पैसे मोजता येतात. ती जिवंत असेपर्यंत मात्र तिने कृतज्ञ राहायचे!

मी सल्ला केंद्रात बसते. मार खाऊन आलेल्या बाईला विचारावे लागते, केव्हा? किती वेळा? कोणासमोर? ती म्हणते, 'नेहमीचंच आहे हो, ताई.' हे 'नेहमीचं' कागदावर उतरवताना तिचीच दमछाक होते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात मारहाणीबरोबर पैशाची कोंडी हीसुद्धा हिंसाच मानली आहे. पण तारीखवार लिहून ठेवलेले असले तर अर्जाला बळ येते. 'राग सोडून द्या' हा उपदेश पाळणारी बाई आपला पुरावाच पुसून टाकत असते. राग कुठून आला हे तपासायचे सोडून तो मनाचा दोष ठरवणे, यात सोय कोणाची आहे?

तेव्हा या हिवाळ्यात वही जरूर लिहू या. शांतपणे, एकटीने, हवी तर मेणबत्ती लावून. मात्र प्रश्न आपले असू देत. या वर्षी मी किती तास राबले आणि घरातले बाकीचे किती? माझ्या हाती किती पैसा आला, आणि न विचारता किती खर्च करता आला? घर, जमीन, बँकेचे खाते, कशावर माझे नाव आहे? माझे दागिने कोणाच्या कपाटात आहेत? माझ्यावर हात कधी उगारला गेला? आणि येत्या वर्षी घरातले कोणते काम मी करणार नाही, ते कोण करणार?

वही घरात ठेवणे धोक्याचे असेल तर मैत्रिणीकडे ठेवा. आणि संक्रांतीला जमाल तेव्हा ज्यांना शक्य आहे त्यांनी वह्या समोर ठेवून आपापली बेरीज मोठ्याने वाचा. दहा जणींची बेरीज एकसारखी निघाली, की तो कोणा एकीच्या मनाचा प्रश्न उरत नाही. मग सुधारायचे कोणाला, हेही आपोआप कळते.