भाड्यानं एक खोली हवी आहे

इंदापूरचा माणूस मिटिंगला बारामतीला येतो आणि बारामतीचा इंदापूरला जातो. मधलं अंतर पन्नासेक किलोमीटर. निमगाव केतकीच्या आसपास समोरून येणारी एसटी दिसली की मला हसू येतं. आमच्यातलाच कुणीतरी उलट्या दिशेनं निघालेला असतो. आपल्या गावात कुणी बघायला नको, एवढंच कारण. गुत्त्यावर बसताना ही लाज कुठं गेली होती कोण जाणे.

मी साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून होतो. दारू सुटून अकरा वर्षं झाली. नाव छापत नाही, कारण ज्यांच्या मिटिंगला आम्ही जातो त्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेची अकरावी परंपरा सांगते की सभासदानं वर्तमानपत्रात नावानिशी झळकू नये. 1935 साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात एक शेअर बाजारातला माणूस आणि एक सर्जन, दोघंही दारूनं बेजार, एकमेकांशी बोलत बसले. त्यातून हे सगळं उभं राहिलं. सभासद व्हायला दारू सोडायची इच्छा हवी, बाकी काही नको.

बाहेरच्यांना वाटतं, मिटिंग म्हणजे एकच प्रकार. तसं नाही. बंद मिटिंगला फक्त दारूचा त्रास असलेले बसतात. खुल्या मिटिंगला बायको, भाऊ, डॉक्टर, कुणीही येऊ शकतं. दारूतून बाहेर पडायच्या आमच्या बारा पायऱ्यांपैकी एकेक घेऊन वाचन-चर्चा करायची तीही एक मिटिंग असते. ती जुन्यांना मानवते. नव्या माणसाला तिथं झोप येते, मलाही यायची.

माझं मत स्पष्ट आहे. आपल्या तालुक्यांना आधी बंद मिटिंग हवी. खुल्या मिटिंगला आमच्याकडं पाहुणे बोलवायची खोड. मग शाल, नारळ, भाषण आणि फोटो. फोटो निघाला की मागच्या बाकावरचा नवा माणूस पुढच्या आठवड्यात दिसत नाही. बंद खोलीत मात्र मी पहिल्यांदा कबूल केलं की काट्यावर ड्यूटीत असताना मी पिऊन आकडे लिहिले आहेत. समोरचा ऊस वाहतूकदार नुसता म्हणाला, "माझ्या ट्रॅक्टरचंही तेच." कुणी उपदेश केला नाही.

तरी खुली मिटिंग मोडीत काढा असं मी म्हणणार नाही. अशाच एका मिटिंगला आमच्या मंडळी आल्या होत्या. त्या बोलल्या, "गाडी स्टँडला लावल्याच्या आवाजावरनं मला कळायचं, आज पोरांना लवकर झोपवायचं का नाही." लग्नाला बावीस वर्षं झाली होती, आणि हे मी त्या दिवशी ऐकलं. घरच्यांसाठी 1951 पासून अल-अ‍ॅनॉन नावाची वेगळी संघटना आहे. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचटांनी 1986 साली सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पत्नींचा 'सहचरी' गट चालतो. पण पुणं शंभर किलोमीटरवर. घरातली जनावरं, पोरं सोडून बाई तिथवर दर आठवड्याला कशी जाणार?

वेळेचंही कुणी बघत नाही. गळीत हंगामात कारखाना तीन पाळ्यांत चालतो. संध्याकाळी सातची मिटिंग दुसऱ्या पाळीवाल्याला कधी मिळतच नाही. आणि उसाचं बिल खात्यावर जमा झालं की नेमका तेव्हाच आमच्यातल्या कुणाचा तरी पाय घसरतो. त्या महिन्यात तरी सकाळची एक मिटिंग हवी.

म्हणून ग्रामपंचायती, वाचनालयं, शाळा, तालमी, सगळ्यांना विनंती आहे. भवानीनगर, निमगाव, भिगवण, कुठंही आठवड्यातून दीड तास एक खोली द्या. मागच्या बाजूनं दार असलं तर उत्तम. उद्घाटन नको, दारावर पाटी नको. चहा आमचा आम्ही करू. आणि भाडं किती ते सांगा. फुकटची खोली आम्हाला परंपरेनं चालत नाही.