चकचकीत असण्याचा गुन्हा

रॉक ऐकणाऱ्या मंडळींत एक शिवी फार मानाची आहे. 'विकला गेला!' एखाद्याने स्टुडिओत चार पैसे ओतून आवाज स्वच्छ करून घेतला, नावाजलेले वादक बोलावले आणि वर तो माल खपला, की ही शिवी ठरलेली. ॲलिस कूपरच्या 'हे स्टुपिड' (१९९१) या अल्बमला ती तीस-पस्तीस वर्षं खावी लागते आहे. परवा कर्जत लोकलमध्ये एका काळ्या टी-शर्टवाल्या पोरानं तीच मला ऐकवली. नेरळ आलं म्हणून तेव्हा वाद अर्धा राहिला. उरलेला इथे.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ॲलिस कूपर म्हणजे व्हिन्सेंट फर्निअर, जन्म १९४८, गाव डेट्रॉइट. सत्तरच्या दशकात हा माणूस डोळ्यांभोवती काजळ फासून, गळ्यात जिवंत साप घालून गायचा आणि रोज रात्री स्टेजवर स्वतःची मुंडी गिलोटिनखाली द्यायचा. 'बिलियन डॉलर बेबीज' (१९७३) अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. ब्रिटनमधल्या मेरी व्हाइटहाउस नावाच्या संस्कृतिरक्षक बाईंनी बीबीसीनं त्याला दाखवू नये म्हणून मोहीम काढली. (त्यानं तिकिटं जास्तच खपली, हे सांगायला नको.) मग दारू. ऐंशीच्या सुरुवातीचे काही अल्बम आपण कसे केले हे आठवतच नाही, असं तो स्वतः सांगतो. १९८३ मध्ये दारू सुटली. १९८९ मध्ये 'ट्रॅश' आला. निर्माता डेस्मंड चाइल्ड, म्हणजे बॉन जोव्हीच्या गाजलेल्या गाण्यांचा भागीदार. त्यातलं 'पॉयझन' ब्रिटनमध्ये दुसऱ्या आणि अमेरिकेत सातव्या क्रमांकावर पोचलं. 'हे स्टुपिड' त्याच्या पुढचा. निर्माता पीटर कॉलिन्स, गिटारवर स्लॅश, सॅट्रिआनी, स्टीव्ह वाय, मागे आवाज द्यायला साक्षात ऑझी ऑस्बर्न. सगळं कसं पॉलिश मारल्यासारखं.

तर आरोप असा, की हे खोटं आहे आणि 'खरं' रॉक त्याच वर्षी निर्वाणानं आणलं.

बरं. निर्वाणाच्या 'नेव्हरमाइंड'चं मिक्सिंग अँडी वॉलेसनं केलं होतं, आणि ते इतकं गुळगुळीत होतं की पुढे खुद्द कोबेननं त्यावर नाक मुरडलं. त्याच वर्षीचा मेटॅलिकाचा काळा अल्बम बॉब रॉकनं केला, जो त्याआधी मॉटली क्रूचा 'डॉक्टर फीलगुड' करून आला होता. म्हणजे १९९१ मध्ये चकाकी सगळ्यांनीच विकत घेतली. फरक इतकाच की एकानं ती फाटक्या स्वेटरखाली लपवली, दुसऱ्यानं काळ्या कव्हरखाली, आणि कूपरनं ती उघड अंगावर घातली. शिवी मात्र त्याला एकट्याला!

दुसरं. ॲलिस कूपर 'खरा' होता कधी? ते सोंग होतं. आपल्या कोकणी माणसाला हे समजावून सांगायची गरज पडू नये. शिमग्यात संकासुर अंगावर धावून येतो तेव्हा पोरं किंचाळतात, पण मुखवट्याआड कोण आहे हे अर्ध्या गावाला ठाऊक असतं. त्यामुळे सोंग खोटं ठरत नाही. चौक-कर्जत रस्त्यावरच्या एन. डी. स्टुडिओत 'जोधा अकबर'साठी किल्ला उभा राहिला. तो दगडाचा नाही म्हणून सिनेमा बघताना कुणी पैसे परत मागितले नाहीत. सोंगाला एकच कसोटी, ते वठलं का? आणि 'फीड माय फ्रँकेन्स्टाइन' वठलंय.

आता सगळाच अल्बम सोनं आहे असं मी म्हणत नाही. त्यातली दोन-तीन प्रेमगीतं त्या काळच्या कुठल्याही लांब केसवाल्या बँडला खपली असती. पण 'माइट ॲज वेल बी ऑन मार्स' ऐका. जुना साथीदार डिक वॅग्नर त्याचा सहलेखक आहे, आणि त्या सगळ्या वाद्यवृंदाच्या लखलखाटात एकटेपणा जास्तच बोचतो. शेवटचं 'वाइंड-अप टॉय' तर थेट १९७५ च्या 'वेलकम टू माय नाइटमेअर'मधल्या त्या वेड्या पोराकडे, स्टीव्हनकडे परत जातं. विकला गेलेला माणूस इतकी जुनी उधारी कशाला फेडत बसेल?

पण माझा खरा राग वेगळाच आहे. कर्जत-खालापुरात राहणाऱ्याला हे शुद्धतेचं वेड रोज भेटतं. मुंबईचे लोक इथे फार्महाउस घेतात, मातीच्या भिंती हौसेनं लिंपून घेतात, आणि गावातल्या माणसानं घराला टाइल्स लावल्या की म्हणतात, "अरेरे, गावाचं गावपण गेलं हो!" हळदीला बेंजो पार्टीनं नवा कीबोर्ड आणला, लाइटा लावल्या, की म्हणतात, "अस्सल राहिलं नाही." च्यायला, पावसाळ्यात ओल येणारी भिंत त्यांना शनिवार-रविवारपुरती असते. आमच्याकडे ती बारा महिने. दुसऱ्याचं दारिद्र्य आपल्या सौंदर्यदृष्टीसाठी जपून ठेवायला सांगणं हा सभ्य भाषेतला क्रूरपणाच आहे.

कूपरच्या बाबतीत तर तो आणखी पुढे जातो. 'दारूच्या काळातला कूपर अस्सल होता' असं म्हणणारे मी ऐकलेत. म्हणजे काय, की तो मरत होता तेव्हा आम्हाला आवडत होता! त्यातून वाचलेला माणूस चाळिशी ओलांडल्यावर, तोंडाला तोच रंग फासून, शीर्षकगीतात पोरांना दटावतो की नशा करून जीव देऊ नका, वेड्यांनो. हे गाणं कोपऱ्यातल्या चार जाणकारांसाठी करायचं की गल्लीतल्या प्रत्येक टेपवर वाजेल असं? निरोप दूर पोचवायचा तर भोंगा चांगला लागतो. त्यासाठीच ती चकाकी, त्यासाठीच स्लॅश आणि ऑझी.

बाजारानं त्याला फार साथ दिली नाही. ब्रिटनमध्ये अल्बम चौथ्या क्रमांकापर्यंत गेला, अमेरिकेत सत्तेचाळिसाव्यावर अडकला. पण माणूस टिकला. २०२५ मध्ये, सत्त्याहत्तराव्या वर्षी, मूळ बँडच्या हयात साथीदारांना घेऊन त्यानं नवा अल्बम काढला. आता जाणकार म्हणतात, "वा, जुना कूपर परत आला!" तो परत यायला जिवंत राहावा लागतो, एवढं ध्यानात असू द्या म्हणजे झालं.