उंदराची साक्ष आणि माणसाचा आजार

माणसाला द्यावयाचे नवे औषध आधी प्राण्यांवर तपासले गेले पाहिजे, हा दंडक अमेरिकेत १९३८ च्या कायद्यापासून चालत आला होता. डिसेंबर २०२२ मध्ये तेथील कायद्यात दुरुस्ती होऊन ही सक्ती दूर झाली आणि एप्रिल २०२५ मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाने काही वर्गांतील औषधांसाठी प्राण्यांवरील चाचण्या क्रमाक्रमाने कमी करण्याचा आराखडा जाहीर केला. या निमित्ताने जो वाद चालू आहे, त्यात एका बाजूने भूतदयेचा आणि दुसऱ्या बाजूने वैद्यकीय प्रगतीचा हवाला दिला जातो. दोन्ही बाजूंना अर्थ आहे. परंतु त्या गदारोळात एक मूलभूत प्रश्न मागे पडतो. तो असा की, उंदराकडे पाहून माणसाविषयी नेमके किती सांगता येते? मेंदूच्या आणि मनाच्या आजारांबाबत हा प्रश्न जितका अवघड आहे, तितका तो अन्यत्र क्वचितच असेल.

या संशोधनाचे आजचे मुख्य साधन म्हणजे जनुकांत हेतुपुरस्सर बदल केलेला उंदीर. भ्रूणातील मूळ पेशींमध्ये एखादे विशिष्ट जनुक निकामी करून त्यांपासून उंदीर वाढविण्याचे तंत्र १९८९ मध्ये प्रथम यशस्वी झाले. त्यासाठी मारिओ कापेची, मार्टिन इव्हान्स आणि ऑलिव्हर स्मिथीज यांना २००७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. उंदराचा जनुकीय आराखडा २००२ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याच्या सुमारे ९९ टक्के जनुकांना माणसात काही ना काही प्रतिरूप असल्याचे दिसून आले. शिवाय उंदीर तीन आठवड्यांत वितो आणि त्याची पिल्ले दोन महिन्यांच्या आत प्रजननक्षम होतात. अल्प खर्चात, अल्प काळात आणि पाहिजे त्या संख्येने उपलब्ध होणारे असे साधन हाती आल्यावर जगभरच्या प्रयोगशाळा त्याच्याकडे वळल्या, यात नवल नाही.

या साधनाने काय दिले, हे आधी मान्य केले पाहिजे. हंटिंग्टन या आनुवंशिक आजाराचे जनुक १९९३ मध्ये सापडले आणि तीन वर्षांत तो दोष असलेले उंदीर लंडनमध्ये तयार झाले. पुढे २००० मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी हे सदोष जनुक हवे तेव्हा बंद करता येईल असे उंदीर घडविले. ते बंद करताच आजाराची लक्षणे मागे हटली. रेट या विकारात वर्ष-दीड वर्षाची, बरी दिसणारी मुलगी हळूहळू बोलणे आणि हातांचा वापर गमावते. एडिंबरोच्या एड्रियन बर्ड यांनी २००७ मध्ये दाखवून दिले की, असाच दोष असलेल्या प्रौढ उंदरांत ते जनुक पुन्हा कार्यान्वित केल्यास गंभीर लक्षणेही ओसरतात. मेंदूचे असे नुकसान कायमचेच असते, ही समजूत त्यामुळे ढासळली. रेटवरील जनुकोपचाराच्या मानवी चाचण्या २०२३ मध्ये सुरू झाल्या, त्यांचा पाया या प्रयोगाने घातला.

परंतु ‘दुरुस्ती शक्य आहे’ आणि ‘हे औषध लागू पडेल’ ही दोन विधाने एक नव्हेत. त्यांतील अंतर किती महाग पडते, याचे उदाहरण म्हणजे ‘फ्रॅजाइल एक्स’ हा विकार. आनुवंशिक मतिमंदत्वाचे हे सर्वांत मोठे ज्ञात कारण. त्याचे जनुक १९९१ मध्ये सापडले, ते नसलेला उंदीर १९९४ मध्ये तयार झाला. अमेरिकेतील मार्क बेअर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये अशी उपपत्ती मांडली की, या विकारात मज्जापेशींवरील एक विशिष्ट ग्राहक बेलगाम होतो आणि त्याला आवर घातल्यास लक्षणे सुधारतील. त्या ग्राहकाचे प्रमाण जनुकीय मार्गाने निम्मे केलेल्या उंदरांत २००७ मध्ये बहुतेक दोष खरोखरच सुधारले. नोव्हार्टिस आणि रोश या दोन बलाढ्य कंपन्यांनी औषधे तयार केली. शेकडो कुटुंबांनी आपली मुले चाचण्यांसाठी पुढे केली. २०१४ मध्ये दोन्ही कंपन्यांनी हा कार्यक्रम बंद केला, कारण खरे औषध आणि नकली गोळी यांत फरक दिसला नाही.

हे असे का झाले? उंदराने खोटी साक्ष दिली नव्हती. त्याला जे ठाऊक नव्हते, ते त्याच्याकडून वदवून घेतले गेले. त्या उंदरांतील ग्राहकाचे प्रमाण गर्भावस्थेपासूनच कमी होते. चाचणीतील रुग्ण बारा वर्षांपुढील मुले आणि प्रौढ होते. उंदराची सुधारणा मोजली ती मोठ्या आवाजाने येणाऱ्या झटक्यांवरून आणि मज्जापेशींच्या रचनेवरून. माणसाची मोजली ती आईवडिलांनी भरलेल्या प्रश्नावलीवरून. आणि आशेने भारलेल्या आईवडिलांना नकली गोळीनेही मुलात सुधारणा दिसत होती.

स्नायूंना चालविणाऱ्या मज्जापेशी मरत जाणाऱ्या एएलएस या आजाराचा इतिहास याहून क्लेशकारक आहे. मिनोसायक्लीन या प्रतिजैविकाने उंदरांचे आयुष्य वाढते, असे दिसून आले होते. म्हणून ते ४१२ रुग्णांवर तपासले गेले. २००७ मध्ये निष्कर्ष आला तो असा की, औषध घेणाऱ्यांची प्रकृती नकली गोळी घेणाऱ्यांपेक्षा २५ टक्के अधिक वेगाने खालावली. पुढच्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधील एका संशोधन संस्थेने १८ हजार उंदरांवर सत्तरहून अधिक औषधे काटेकोरपणे तपासल्याचे जाहीर केले. पूर्वी गुणकारी ठरलेली औषधेही त्यांत होती. एकाचाही गुण टिकला नाही. मूळ प्रयोगांत उंदीर थोडे होते आणि योगायोगाला वाव फार होता. शिवाय त्या उंदरांत ज्या जनुकाचा दोष होता, तो एएलएसच्या जेमतेम दोन टक्के रुग्णांत आढळतो. त्याच जनुकावर नेम धरणाऱ्या टोफर्सेन या औषधाला २०२३ मध्ये अमेरिकेत सशर्त मान्यता मिळाली. म्हणजे साक्षीदाराला त्याने पाहिले तेवढेच विचारले, तर तो उपयोगी पडतो.

मनोविकारांकडे वळले की ही मर्यादा अधिकच जाणवते. छिन्नमनस्कतेशी संबंधित अशी २८७ जनुकीय स्थाने २०२२ च्या एका मोठ्या अभ्यासात नोंदली गेली. त्यांतील एखादे जनुक बदललेला उंदीर म्हणजे छिन्नमनस्क उंदीर नव्हे. त्याला कोणते आवाज ऐकू येतात, हे तो सांगू शकत नाही. १९७७ पासून रूढ असलेल्या एका चाचणीत उंदीर पाण्यात सोडला जातो आणि त्याने पोहणे थांबविले की ती ‘निराशा’ मानली जाते. सुटका नाही हे उमजून तो शक्ती राखून ठेवत असेल, हा अर्थही तितकाच संभवतो. माणसाच्या खिन्नतेमागे जी नाती, अपमान आणि आठवणी असतात, त्यांचा त्या पाण्याशी काय संबंध?

तरीही उतावळे निष्कर्ष निघत राहतात, याचे कारण प्रयोगशाळेच्या अर्थकारणात आहे. यशस्वी प्रयोगाला नियतकालिकात जागा मिळते, पुढील अनुदान मिळते, वृत्तपत्रात मथळा मिळतो. फसलेला प्रयोग कपाटात जातो. लाभ तात्काळ आणि प्रयोगकर्त्याचा, तर चुकीची किंमत काही वर्षांनी आणि रुग्णाने मोजावयाची, अशी ही विषम वाटणी आहे. अपयशे साचली की भांडवल काढता पाय घेते. २०१० मध्ये ग्लॅक्सोस्मिथक्लाइन आणि अॅस्ट्राझेनेका यांनी मनोविकारांवरील संशोधनाला कात्री लावली, जानेवारी २०१८ मध्ये फायझरने अल्झायमर आणि पार्किन्सनवरील शोधकार्य थांबविले. भागधारकांच्या हिशेबाने हे निर्णय तर्कशुद्ध असतील. पण रुग्णांना आपल्या आजारातून असे बाहेर पडता येत नाही.

म्हणून उंदराला हद्दपार करणे हा उपाय नव्हे. माणसाच्या पेशींपासून वाढविलेले मेंदूचे सूक्ष्म नमुने किंवा संगणकावरील आराखडे ही मोलाची भर आहे. परंतु संपूर्ण, जिवंत, वागणारा मेंदू त्यांच्यापाशीही नाही, आणि आज जी घाई उंदराच्या बाबतीत झाली, ती उद्या त्यांच्या बाबतीतही होऊ शकेल. गरज आहे ती साक्ष तपासण्याच्या शिस्तीची. माणसावर चाचणी करण्यापूर्वी तो प्रयोग दुसऱ्या, स्वतंत्र प्रयोगशाळेत पुन्हा सिद्ध झाला पाहिजे. फसलेले प्रयोगही प्रसिद्ध झाले पाहिजेत. या फेरतपासणीत खाजगी भांडवलाला नफा दिसणार नाही. तेव्हा तिचा खर्च सार्वजनिक निधीतून करणे भाग आहे. फसलेल्या मानवी चाचणीच्या मानाने तो खर्च किरकोळच ठरेल.

आणि ‘असाध्य विकारावर उपाय सापडला’ असा मथळा देणाऱ्यांनी ‘उंदरांत’ हा शब्द शेवटच्या परिच्छेदात न लपविता मथळ्यातच घालावा. असा विकार जडलेल्या मुलाची आई ती बातमी कापून जपून ठेवते. तिला आशा बाळगण्याचा हक्क आहे. तसाच ती आशा कोणाच्या साक्षीवर उभी आहे, हे कळण्याचाही आहे.